घरातील चोरटी प्रक्षेपण केंद्रे

ऑक्टोबर २००४ मधील गोष्ट. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात कॉर्व्हॅलिस नावाचे गाव आहे. तेथे राहणाऱ्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दारावर थाप पडली. दार उघडून पाहतो तो बाहेर पोलीस आणि शोधपथकाची माणसे! संकटात सापडलेले विमान मदतीसाठी १२१.५ मेगॅहर्ट्झ या कंप्रतेवर संदेश सोडते. तसाच संदेश या घरातून येत होता आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाने तो टिपला होता. शोधपथक त्या संदेशाचा माग काढीत येथवर पोहोचले होते. घरात विमान नव्हते की जहाज नव्हते. होता तो एक साधा दूरचित्रवाणी संच. त्यात काही बिघाड झाला होता आणि चित्र दाखविता दाखविता तो आपल्या परीने "वाचवा, वाचवा" असे ओरडत होता. हा संच पुन्हा लावू नये, अशी तंबी त्या विद्यार्थ्याला मिळाली.

दूरचित्रवाणी संच हे ग्रहण करणारे यंत्र आहे, प्रक्षेपण करणारे नव्हे. मग त्याने प्रक्षेपण कसे केले? आणि असे होऊ नये म्हणून कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी उपकरणांची काही परीक्षा घेतात काय? घेतात. ही परीक्षा कशी असते ते आज पाहू. तिच्यात तुमच्या अभ्यासक्रमातील परावर्तन, व्यतिकरण, धारित्र, लॉगरिथम आणि पायथागोरसचा सिद्धान्त ही सगळी मंडळी भेटतील.

चौकोनी तरंगाच्या पोटात काय असते?

मॅक्सवेलच्या सिद्धान्ताचे सार एका वाक्यात असे सांगता येईल, की ज्या तारेतून बदलता विद्युत्‌ प्रवाह वाहतो त्या तारेतून विद्युत्‌चुंबकीय तरंग बाहेर पडतात. हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये ठिणग्या पाडून हे प्रत्यक्ष दाखविले. निसर्गाचा हा नियम 'प्रेषक' आणि 'ग्राहक' असा भेद जाणत नाही. प्रवाह बदलला की तरंग निघणार. प्रश्न उरतो तो किती आणि कोणत्या कंप्रतेचे, एवढाच. (कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. तुमच्या पाठ्यपुस्तकात तिला वारंवारता म्हटले असेल.)

आजच्या जवळजवळ प्रत्येक उपकरणात एक 'घड्याळ' असते. हे काट्यांचे घड्याळ नव्हे. क्वार्ट्‌झचा एक छोटा स्फटिक सेकंदाला काही दशलक्ष वेळा थरथरतो आणि त्याच्या तालावर सर्किटमधील विद्युत्‌दाब शून्यावरून वर आणि वरून शून्यावर असा उड्या मारतो. या उड्यांचा आलेख काढला तर तो चौकोनी दिसतो.

येथे फूरिये या फ्रेंच गणितज्ञाची मदत घ्यावी लागते. उष्णता पदार्थातून कशी वाहते याचा अभ्यास करताना त्याने असे दाखविले, की पुन्हा पुन्हा येणारा कोणताही तरंग हा अनेक साध्या, ज्या-वक्राच्या आकाराच्या तरंगांची बेरीज असतो. २५ मेगॅहर्ट्झचा चौकोनी तरंग घ्या. त्यात २५ मेगॅहर्ट्झचा मूळ तरंग असतो. त्याच्याबरोबर ७५ मेगॅहर्ट्झचा एक-तृतीयांश उंचीचा, १२५ मेगॅहर्ट्झचा एक-पंचमांश उंचीचा, १७५ चा एक-सप्तमांश अशी वरात निघते. या पटीच्या तरंगांना हरात्मक म्हणतात. तरंगाचे वरचे आणि खालचे भाग तंतोतंत समान नसतील, आणि व्यवहारात ते नसतातच, तर ५०, १००, १५० हे सम पटीचे पाहुणेही येतात. विद्युत्‌दाबाची उडी जितकी तडक, तितकी ही वरात लांब. एक नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, उडी पूर्ण होत असेल तर सुमारे ३०० मेगॅहर्ट्झपर्यंतचे हरात्मक चांगले धट्टेकट्टे राहतात. त्यापुढे मात्र ते भराभर क्षीण होतात.

आता दूरचित्रवाणीच्या अंकीय चित्राचा विचार करा. त्यात १३.५ मेगॅहर्ट्झ हा एक प्रमाणित ताल वापरला जातो. १३.५ ला ९ ने गुणा. उत्तर १२१.५ येते! कॉर्व्हॅलिसच्या संचात नेमके हेच घडले, असा माझा दावा नाही. निरुपद्रवी वाटणारा आकडा पटीपटीने चढत कोठे जाऊन पोहोचतो, एवढेच दाखवायचे आहे.

पाच मायक्रोअँपिअर

सर्किट बोर्डवर घड्याळाचा प्रवाह एका पट्टीतून जातो आणि शेजारच्या दुसऱ्या पट्टीतून परत येतो. जाणारा आणि परतणारा प्रवाह जवळजवळ असले, की त्यांची क्षेत्रे एकमेकांना बहुतांशी मारतात आणि बाहेर थोडेच निसटते. खरी खोडी करते ती उपकरणाला जोडलेली लांब वायर. बोर्डावरील थोडा प्रवाह चुकार जनावरासारखा कळप सोडून वायरीवर चढतो आणि परतीसाठी जवळची वाट न धरता जमीन, भिंती, हवा अशी कोठूनही वाट काढतो. अशा वेळी ती वायर म्हणजे चक्क अँटेना होते.

हिशेब करून पाहू. तरंगलांबीपेक्षा बऱ्याच आखूड तारेसाठी एक सोपे सूत्र आहे. कंप्रता मेगॅहर्ट्झमध्ये, तारेची लांबी मीटरमध्ये आणि प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये घेऊन तिघांचा गुणाकार करा. त्याला ०.६३ ने गुणा आणि मीटरमधील अंतराने भागा. उत्तर येते ते विद्युत्‌क्षेत्र, मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर या एककात. ५० मेगॅहर्ट्झ, १ मीटर वायर, ५ मायक्रोअँपिअर आणि ३ मीटर अंतर घेतले तर सुमारे ५२ येतात. जमिनीवरून परावर्तित झालेला तरंग थेट तरंगाला पुरेपूर साथ देईल तर हे दुप्पट होऊन १०५ होतात.

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाच्या नियमानुसार घरगुती उपकरणाला ३ मीटर अंतरावर ३० ते ८८ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यात परवानगी आहे १०० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटरची. म्हणजे आपले उपकरण नापास! आणि नापास कशाने, तर ५ मायक्रोअँपिअरने. तुमच्या प्रयोगशाळेतील मिलिअँपिअरमापकाचा काटा एवढ्या प्रवाहाने हलणारसुद्धा नाही.

हाच हिशेब बोर्डावरील ४ चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या बंद वळशासाठी, त्याचे निराळे सूत्र वापरून, केला तर १०० ची मर्यादा गाठायला सुमारे ११ मिलिअँपिअर लागतात. दोन हजार पटींहून अधिक! म्हणून अनुभवी अभियंता नापास झालेले उपकरण हाती आले की आधी वायरींकडे पाहतो, पेटीकडे नंतर.

नियम कोठून आले?

रेडिओ घराघरांत शिरल्यावर थोड्याच काळात तक्रारी येऊ लागल्या. ट्रामगाड्या, विजेच्या मोटारी, वैद्यकीय यंत्रे यांच्या ठिणग्यांनी गाण्यात खरखर येई. विजेचे उपकरण एका देशात तयार होते आणि दुसऱ्या देशात विकले जाते, तेव्हा नियम सर्वांना सारखे हवेत. म्हणून १९३४ मध्ये सिस्प्र ही आंतरराष्ट्रीय समिती कामाला लागली. तिचे नाव फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले आहे. आजही बहुतेक देशांची मानके या समितीच्या मानकांवर आधारलेली आहेत. पुढे १९७० नंतरच्या दशकात घरगुती संगणक आले आणि शेजाऱ्यांच्या दूरचित्रवाणीवर रेघोट्या उमटू लागल्या. १९७९ मध्ये अमेरिकेने संगणकीय उपकरणांसाठी नियम केले. कारखाने आणि कार्यालये यांसाठी 'अ' वर्ग, घरांसाठी अधिक कडक 'ब' वर्ग, ही विभागणी आजही आहे.

सिस्प्रची घरगुती मर्यादा १० मीटर अंतरावर, ३० ते २३० मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यात, ३० डेसिबेल अशी सांगतात. हे डेसिबेल १ मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर या क्षेत्राच्या तुलनेत मोजलेले असतात. गुणोत्तराचा १० या पायाचा लॉगरिथम काढून त्याला २० ने गुणले की डेसिबेल मिळतात. उलट जाऊ: ३० ला २० ने भागून १.५, आणि १० चा १.५ वा घात म्हणजे ३१.६. तरंगाचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. तेव्हा १० मीटरवर ३१.६ असेल तर ३ मीटरवर १०५. अमेरिकन १०० च्या किती जवळ आले पाहा. मर्यादा निराळ्या अंतरांवर लिहिल्या म्हणून निराळ्या दिसतात, इतकेच.

पण ही चाचणी ३० मेगॅहर्ट्झपासूनच का सुरू होते? ३० मेगॅहर्ट्झची तरंगलांबी १० मीटर असते. त्याखाली तरंगलांबी इतकी मोठी होते की हातभर आकाराचे उपकरण स्वतः चांगली अँटेना होऊ शकत नाही. ते आपला कचरा विजेच्या वायरीत ओतते आणि घराची सगळी वायरिंग अँटेना बनते. म्हणून १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगॅहर्ट्झ या पट्ट्यात विजेच्या वायरीवरील गोंगाट मोजतात, आणि ३० मेगॅहर्ट्झच्या वर हवेतील क्षेत्र.

चाचणी

आता प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. मोकळे मैदान, जमिनीवर धातूचा सपाट पत्रा, त्यावर फिरता पाट. पाटावर ८० सेंटिमीटर उंचीचे, विद्युत्‌वाहक नसलेले टेबल. टेबलावर उपकरण. त्याला नेहमीच्या सगळ्या वायरी जोडलेल्या आणि ते पूर्ण काम करीत असलेले, कारण झोपलेल्या उपकरणाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. ३ किंवा १० मीटरवर एका उभ्या खांबावर अँटेना. ३० ते सुमारे ३०० मेगॅहर्ट्झसाठी दोन शंकू टोकाला टोक लावून ठेवल्यासारखा तारांचा सांगाडा वापरतात. त्यावर १००० मेगॅहर्ट्झपर्यंत माशाच्या काट्यासारखी, एका टोकाकडे निमुळती होत गेलेली अँटेना असते.

उपकरण बंद ठेवून आधी परिसराचे मोजमाप घेतात. ८८ ते १०८ मेगॅहर्ट्झमध्ये एफएम केंद्रे ठाण मांडून बसलेली असतात, त्यांच्या पाठीमागे लपलेला उपकरणाचा कुजबुजाट कसा ऐकू येणार? भरवस्तीत मोकळ्या मैदानावरची चाचणी आता जवळजवळ अशक्य झाली आहे. म्हणून धातूच्या पत्र्याने सर्व बाजूंनी बंद केलेली मोठी खोली बांधतात. पण नुसता पत्रा लावला तर आतले तरंग आरशांच्या महालासारखे सैरावैरा परावर्तित होतील. यासाठी भिंतींना आणि छताला फेराइटच्या फरशा आणि कार्बन मिसळलेल्या फोमचे टोकदार सुळके लावतात. ते तरंग शोषून त्यांची उष्णता करतात. जमीन मात्र धातूचीच ठेवतात, मैदानाची नक्कल व्हावी म्हणून. मुंबईची 'समीर' ही संस्था अशा चाचण्या करते, आणि पुण्याच्या 'एआरएआय' या संस्थेत वाहनांची अशी तपासणी होते. आजच्या मोटारीत डझनावारी संगणक असतात हे लक्षात घेतले की तेथे तिची गरज का, ते कळते.

चाचणी सुरू झाली की पाट हळूहळू पूर्ण ३६० अंशांतून फिरतो. उपकरण सर्व दिशांना सारखे तरंग सोडत नाही, तेव्हा त्याचे सर्वांत वाईट तोंड शोधावे लागते. अँटेना एकदा आडवी आणि एकदा उभी धरतात, कारण तरंगाचे ध्रुवण कसे असेल ते आधी ठाऊक नसते. याखेरीज अँटेना खांबावरून १ मीटरपासून ४ मीटरपर्यंत वरखाली केली जाते. हे कशासाठी? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेकांचे उत्तर येते, "तरंग वर जात असतील म्हणून." उत्तर अगदीच चूक नाही, पण खरे कारण अधिक मौजेचे आहे.

अँटेनाकडे दोन वाटांनी तरंग येतो. एक थेट, दुसरा जमिनीवरून परावर्तित होऊन. परावर्तित वाट मोजण्यासाठी उपकरणाची प्रतिमा जमिनीखाली ८० सेंटिमीटरवर आहे असे समजा, अगदी आरशातल्यासारखे. ३०० मेगॅहर्ट्झ घ्या, तरंगलांबी बरोबर १ मीटर. अंतर ३ मीटर.

अँटेना १ मीटर उंचीवर असताना थेट वाटेसाठी उंचीतला फरक ०.२ मीटर. म्हणून वाट म्हणजे ९ + ०.०४ चे वर्गमूळ, ३.०१ मीटर. परावर्तित वाटेसाठी फरक १.८ मीटर, म्हणून ९ + ३.२४ चे वर्गमूळ, ३.५० मीटर. दोन वाटांत ०.४९ मीटर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडला. तुम्ही म्हणाल, मग दोन्ही तरंग एकमेकांना मारतील. थांबा. आडव्या ध्रुवणाचा तरंग धातूवरून परावर्तित होताना उलटा होतो, म्हणजे आणखी अर्ध्या तरंगलांबीची भर पडते. तेव्हा दोन्ही तरंग हातात हात घालून येतात आणि मापकावर भरघोस आकडा दिसतो.

आता अँटेना २.४५ मीटरवर न्या. थेट वाट ३.४२ मीटर, परावर्तित वाट ४.४२ मीटर, फरक १ मीटर. त्यात उलटण्याचा अर्धा मीटर मिळवा. आता तरंग विरुद्ध कलेत येतात आणि मापकावरील आकडा एकदम कोसळतो. उपकरण तेच, त्यातून निघणारे तरंग तेच, अंतर तेच. केवळ अँटेना नेमकी २.४५ मीटरवर असल्यामुळे सैतान साधू ठरतो! ही फसगत टाळण्यासाठी अँटेना वरखाली करून प्रत्येक कंप्रतेसाठी मोठ्यात मोठा आकडा घेतात. प्रकाशाच्या व्यतिकरणाचे पट्टे पाहण्यासाठी अनेकदा सूक्ष्मदर्शक वापरतात. येथे तीच घटना माणसाच्या उंचीएवढ्या मोजपट्टीवर घडते.

मापक यंत्राचाही एक विशेष सांगितला पाहिजे. हे यंत्र म्हणजे काटेकोर रेडिओ ग्राहकच. ३० ते १००० मेगॅहर्ट्झमध्ये ते एका वेळी १२० किलोहर्ट्झ रुंदीची खिडकी उघडून पाहते. खिडकीतून आलेला विद्युत्‌दाब एका धारित्राला दिला जातो. हे धारित्र सुमारे १ मिलिसेकंदाच्या कालांकाने भरते, पण रिकामे होताना ५५० मिलिसेकंदांचा कालांक घेते. भरण्याची तोटी मोठी आणि गळण्याचे छिद्र बारीक, अशा हौदासारखे. सेकंदाला शंभर ठोके आले तर हौद गळायला फुरसतच मिळत नाही आणि पातळी चढते. सेकंदा-दोन सेकंदांनी एखादाच ठोका आला तर पातळी कमीच राहते. असे का केले? गाणे ऐकताना अधूनमधून एखादा 'टक्' आवाज आला तर आपण तो सोसतो, पण सतत खरखर झाली की वैतागतो. माणसाच्या या वैतागाचे माप धारित्र आणि रोधक यांच्या भाषेत लिहिले आहे. मला स्वतःला सगळ्या मानकात हा भाग सर्वांत आवडतो.

नापास झालेले उपकरण सुधारण्याचे उपाय बरेच आहेत. प्रवाहाच्या जाण्यायेण्याच्या वाटा जवळ आणायच्या, उडी थोडी संथ करायची, पेटीला धातूचे कवच द्यायचे. कवचाला फट राहिली तर ती घातक. १५ सेंटिमीटरची फट १००० मेगॅहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची होते आणि स्वतःच अँटेनासारखी वागते. संगणकाच्या काही वायरींवर टोकाजवळ एक जाड गाठ दिसते ना? त्या गाठीत फेराइटचे कडे असते. जाणारा आणि परतणारा असे दोन्ही प्रवाह वायरीतच असतील तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे कड्यात एकमेकांना रद्द करतात आणि कडे त्यांच्या आड येत नाही. कळप सोडून आलेला चुकार प्रवाह मात्र एकटा असतो, त्यालाच ते अडविते.

आणखी एक युक्ती आहे. घड्याळाची कंप्रता स्थिर न ठेवता तिला अर्ध्या टक्क्याने मागेपुढे डोलवत ठेवायचे. मग १०० मेगॅहर्ट्झचा हरात्मक एका जागी न राहता ५०० किलोहर्ट्झमध्ये पसरतो. मापकाची खिडकी १२० किलोहर्ट्झचीच असल्याने तिला त्याचा एक भागच एका वेळी दिसतो आणि आकडा उतरतो. नियमात हे बसते, आणि अरुंद पट्ट्यात ऐकणाऱ्या शेजारच्या रेडिओला त्याचा फायदाही होतो. पण एकूण ऊर्जा तेवढीच राहते. अंगणातला कचरा न उचलता सारखा पसरून दिल्यासारखे हे आहे, असे मला वाटते.

पास झाले म्हणजे गप्प झाले?

नाही. आपल्या महाराष्ट्रातच याचे उत्तम उदाहरण आहे. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली गेली, आणि जागा निवडताना तेथील रेडिओ-शांतता हा एक मोठा मुद्दा होता. आकाशातून येणाऱ्या रेडिओ तरंगांचे एकक आहे जान्स्की: एका चौरस मीटरवर, १ हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात, १ वॉटचा १० च्या २६ व्या घाताने भागून येणारा अंश. हे नाव कार्ल जान्स्कीचे. समुद्रापलीकडील रेडिओ-दूरध्वनीत खरखर कोठून येते हे शोधण्याचे काम १९३० नंतर त्याच्याकडे होते. शोधता शोधता एक खरखर आकाशगंगेतून येते असे त्याला आढळले आणि रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला.

१०० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटरची मर्यादा काठावर पाळणारे उपकरण घ्या. (जीएमआरटीच्या पट्ट्यांत मर्यादा याहून सैल आहे, तरी १०० च धरू.) ३ मीटरवर त्याच्या तरंगांची तीव्रता काढण्यासाठी क्षेत्राच्या वर्गाला ३७७ ने भागायचे. सगळ्या दिशांची बेरीज केली तर हे उपकरण जेमतेम ३ नॅनोवॉट शक्ती बाहेर टाकते. घरातील ९ वॉटचा दिवा याच्या तीनशे कोटी पट! पण ही शक्ती १२० किलोहर्ट्झमध्ये वाटली आणि ३ मीटरऐवजी ३ किलोमीटर अंतर घेतले, तर वाटेत काही अडथळा नसताना, सुमारे २२,००० जान्स्की येतात. खगोलशास्त्रज्ञ ज्या दूरच्या दीर्घिका पाहतात त्यांचे तरंग जान्स्कीच्या हजाराव्या, कधी लाखाव्या भागाचे असतात. टेकड्या, झाडे, घरे यांचा आडोसा असतो आणि तबकडीचे तोंड आकाशाकडे असते म्हणून काम चालते. तरीही अशा केंद्रांवर संगणकांना धातूच्या कवचाच्या खोलीत कोंडून ठेवतात.

एवढी काळजी घेऊनही गमती होतात. ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीला कित्येक वर्षे अधूनमधून गूढ स्पंद मिळत होते. २०१५ मध्ये उलगडा झाला. केंद्रातील मायक्रोवेव्ह भट्टीचे दार कोणी ती थांबण्याआधीच उघडले, की बंद पडता पडता तिच्यातून १.४ गिगॅहर्ट्झच्या आसपास एक झटका निसटत असे. वेल्समधील अबेरहोसान या खेड्यात तर दीड वर्ष रोज सकाळी ७ वाजता गावाचे इंटरनेट कोलमडत होते. वायरी बदलून झाल्या, गुण आला नाही. अखेर २०२० मध्ये अभियंते पहाटे मापक घेऊन गावात हिंडले आणि एका घरातील जुना दूरचित्रवाणी संच हाती लागला. तो रोज ७ वाजता लावला जात असे. उपकरण नवे असताना पास झाले म्हणून म्हातारपणीही सज्जन राहीलच असे नाही.

करून पाहा

मीडियम वेव्हचा पट्टा असलेला ट्रान्झिस्टर मिळवा. जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशी जागा डायलवर शोधून आवाज मोठा करा. आता ट्रान्झिस्टर एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, संगणकाचा अ‍ॅडॉप्टर यांच्याजवळ एकेक करून न्या. कोणतेही उपकरण उघडायचे नाही. आत विजेचा पूर्ण दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही काही काळ धारित्रात तो राहतो. खरखर सुरू झाली की अंतर मोजत मागे सरका आणि ती कोठे लोपते ते लिहून ठेवा. चार्जरला मोबाइल जोडलेला असताना आणि नसताना काय फरक पडतो? विजेच्या वायरीला समांतर धरून चालत गेल्यास काय होते? निरनिराळ्या कंपन्यांच्या दिव्यांची तुलना करा. काही दिवे थक्क करण्याइतके शांत निघतील, काही तितकेच वाचाळ.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. १ मेगॅहर्ट्झची तरंगलांबी ३०० मीटर. तिला ६.२८ ने भागले तर सुमारे ४८ मीटर येतात. या अंतराच्या आत तरंग अजून नीट 'सुटलेला' नसतो. तेथे छोट्या वळशाचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून हातभर मागे सरकताच खरखर एकदम गळून पडते. वर ३ आणि १० मीटरसाठी वापरलेला साधा व्यस्त प्रमाणाचा नियम येथे लावू नका.

मग ट्रान्झिस्टर एका जागी आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. त्याच्या आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार हीच अँटेना असते, आणि कांडीच्या लांबीच्या दिशेचे चुंबकीय क्षेत्रच ती पकडते. एका ठराविक स्थितीत खरखर जवळजवळ नाहीशी होईल. खोलीच्या दोन निराळ्या जागांवरून अशा स्थिती नोंदवून, खरखर नेमकी कोठून येते ते कागदावर रेषा काढून ठरविता येते का पाहा.

आणि वहीत सोडविण्यासाठी एक उदाहरण. १०० मेगॅहर्ट्झला घरगुती उपकरणाची अमेरिकन मर्यादा ३ मीटरवर १५० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर आहे. वायर ५० सेंटिमीटर लांब आहे आणि जमिनीवरील परावर्तनाने क्षेत्र दुप्पट होते असे धरा. तिच्यातून जास्तीत जास्त किती चुकार प्रवाह चालेल? (उत्तर: सुमारे ७ मायक्रोअँपिअर.)